ब्लँकमध्येही ३९१ दिसतोय? मास स्पेकमध्ये पुन्हा पुन्हा येणारा पीक कसा शोधायचा

मास स्पेकवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, हळदीच्या अर्काचं प्रात्यक्षिक लागलं की आमच्याकडे एक गोष्ट ठरलेली. पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन प्रभाराचे आयन मोजताना) ३६९ ला कर्क्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा, पीक (स्क्रीनवरचा सुळका) येतो आणि थोडं पुढे ३९१ ला आणखी एक. फरक २२. पोरं लगेच वहीत लिहितात, "सोडियम ॲडक्ट" (प्रोटॉनऐवजी सोडियम चिकटलेला तोच रेणू), आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मग कुणीतरी सिरिंज धुताना नुसतं मेथनॉल सोडतं, सहज स्क्रीनकडे बघतं आणि हाक येते, "मॅडम, हळद नाही तरी ३९१ आहे की!"

मी बेळगावात एमएस्सीच्या मुलांची उपकरणांची प्रात्यक्षिकं घेते. खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी, पलीकडून चंदगडचीही मुलं असतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढची पुस्तकं सगळी इंग्रजीत. ३९१ चं कोडं सुटायला आम्हाला दोन वर्षं लागली. सुटलं असं वाटायचं आणि आठवड्यानं परत यायचं. तुमच्या ब्लँकमध्ये (नमुना न घालता नुसतं सॉल्व्हंट सोडून घेतलेल्या नोंदीत) असाच एखादा पीक ठाण मांडून बसला असेल तर कुठून सुरुवात करायची आणि कुठे हात लावायचा नाही, ते आमच्या अनुभवावरून सांगते.

पहिली गोष्ट, यंत्र उघडू नका. आयन सोर्स (जिथे आयन तयार होतात तो भाग) काढून घासायला बसणं हा आमचा पहिला आवेग होता आणि तो चुकला. यंत्र उघडून परत निर्वात व्हायला अर्धा-एक दिवस जातो, आणि घाण बहुतेक वेळा यंत्रात नसतेच. ती यंत्रापर्यंत पोचणाऱ्या वाटेवर असते.

३९१ या आकड्यावर दोघे बसलेत

इलेक्ट्रोस्प्रेमध्ये काय होतं ते आधी थोडक्यात. द्रावण एका बारीक नळीतून येतं, नळीच्या टोकाला तीन-चार हजार व्होल्ट आणि भोवती नायट्रोजनचा झोत असतो. थेंब फवारले जातात, सुकत सुकत आकसतात आणि शेवटी रेणूला एखादा प्रोटॉन किंवा सोडियम आयन चिकटलेला उरतो. तो आयन कोन नावाच्या शंकूसारख्या भागाच्या भोकातून आत ओढला जातो आणि क्वाड्रुपोल, म्हणजे चार दांड्यांची गाळणी, त्याला निवडतो. यंत्र नुसतं वस्तुमान मोजत नाही, वस्तुमानाला प्रभारानं भागून येणारा आकडा मोजतं. प्रभार एक असला की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आपण सैलपणे 'वजन' म्हणतो.

कर्क्युमिनमध्ये २१ कार्बन, २० हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन. वस्तुमान ३६८.१२६. प्रोटॉन चिकटला की ३६९.१३, सोडियम चिकटला की ३९१.११५. इथपर्यंत पोरांचं बरोबर.

पण डायएथिलहेक्झिल थॅलेट नावाचं एक द्रव्य आहे. कडक पीव्हीसीला मऊ, लवचीक करण्यासाठी ते घालतात. त्यात २४ कार्बन, ३८ हायड्रोजन आणि ४ ऑक्सिजन. वस्तुमान ३९०.२७७, प्रोटॉन चिकटला की ३९१.२८४. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा: ३९१.११५ आणि ३९१.२८४. फरक ०.१६९ चा. हे दोन वेगळे बघायचे तर ३९१ भागिले ०.१६९, म्हणजे साधारण २,३०० इतकी विभेदनक्षमता (जवळचे दोन पीक सुटे दाखवायची ताकद) हवी. टाइम ऑफ फ्लाइट नावाच्या जास्त बारकाईनं मोजणाऱ्या यंत्राला हे सहज जमतं. आमच्यासारख्या क्वाड्रुपोलवर, जिथे एक-एक एकक कसंबसं सुटं होतं, दोघांचा मिळून एकच पीक दिसतो.

दशांशानंतरचा भाग असा वेगळा का, हे पोरांना मी इथेच शिकवते, कारण इथे ते चटकन डोक्यात शिरतं. हायड्रोजनचं वस्तुमान १.००७८, म्हणजे एकापेक्षा किंचित जास्त. ऑक्सिजनचं १५.९९४९, सोळापेक्षा किंचित कमी. ज्या रेणूत हायड्रोजन भरपूर, त्याचा दशांश वर सरकतो. थॅलेटमध्ये ३८ हायड्रोजन, कर्क्युमिनमध्ये २०. तेलकट, लांब शेपट्यांचे रेणू दशांशात असे वर चढलेले दिसले की ओळखता येतात. क्वाड्रुपोलवर हा आकडा पूर्ण विश्वासानं वाचता येत नाही, पण असं का होतं ते डोक्यात पक्कं बसायला हवं.

दोघांपैकी कोण, हे ठरवायच्या चाचण्या

यंत्र न उघडता, एका दुपारी, याच क्रमानं करा.

ब्लँकमध्ये ४१३ शोधा. थॅलेटलाही सोडियम चिकटतोच. ३९१ हा जर प्रोटॉनवाला थॅलेट असेल तर त्याच्यापुढे २२ वर, म्हणजे ४१३ ला त्याचा सोडियमवाला जोडीदार दिसेल. प्रमाण जास्त असेल तर दोन थॅलेट आणि एक सोडियम असा ८०३.५ चाही पीक येतो. कर्क्युमिनच्या ३९१ ला असा जोडीदार सहसा नसतो, कारण तोच मुळात सोडियमवाला आहे.

मग निगेटिव्ह मोडवर जा. कर्क्युमिनच्या फिनॉलिक गटाचा प्रोटॉन सहज सुटतो आणि ३६७ ला स्वच्छ पीक मिळतो. थॅलेट तिथे जवळजवळ गप्प असतो. ब्लँक निगेटिव्हमध्ये शांत आणि पॉझिटिव्हमध्ये ३९१ चा गोंगाट, तर संशय पक्का झाला.

तुमच्याकडे ट्रिपल क्वाड्रुपोल असेल तर ३९१ ला पहिल्या क्वाड्रुपोलमध्ये अडवा, आर्गॉनवर आपटा आणि तुकडे बघा. १४९ चा तुकडा ठळक आला की तो थॅलेटच. हे प्रोटॉनवालं थॅलिक ॲनहायड्राइड. जीसी-एमएसवर (वायू क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेकवर) काम केलेल्यांना हा १४९ चांगला ओळखीचा असतो, तिथेही थॅलेटची हीच खूण. प्रोटॉनवाल्या कर्क्युमिनचा, म्हणजे ३६९ चा, मोठा तुकडा १७७ ला येतो.

आणि एक खूण नमुन्यातच असते. हळदीत कर्क्युमिन एकटं नसतं. एक मिथॉक्सी गट कमी असलेलं भावंड ३३९ ला आणि दोन्ही नसलेलं ३०९ ला येतं. ३६९, ३३९, ३०९ अशी तीस-तिसाची उतरंड दिसली की अर्क बरोबर निघालाय. सोडियम चिकटलाच असेल तर तिघांनाही चिकटेल, म्हणजे ३९१, ३६१, ३३१ अशी दुसरी उतरंड हवी. ३९१ उंच आणि ३६१, ३३१ नावालाही नाहीत, तर त्या ३९१ मध्ये हळदीचा वाटा फार थोडा आहे.

समस्थानिकांचा नमुना बघून निकाल लागेल असं कुणाला वाटेल, पण इथे तो उपयोगी नाही. कार्बन-१३ चं प्रमाण १.१ टक्के, म्हणून २१ कार्बनच्या रेणूचा ३९२ चा पीक साधारण २३ टक्के आणि २४ कार्बनच्या रेणूचा साधारण २६ टक्के. एवढासा फरक शिकाऊ हातांनी घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये विरून जातो.

तो येतो कुठून

आता आमची गोष्ट, कारण यातच सगळी पद्धत आहे.

पहिल्या वर्षी आम्ही मेथनॉलला दोष दिला. नवी बाटली फोडली, ३९१ गेला. आनंद झाला. आठवड्यानं तो परत आला. पुन्हा नवी बाटली, पुन्हा गेला, पुन्हा आला. मेथनॉल वाईट असतं तर नव्या बाटलीतही दिसायला हवं होतं, आणि यंत्र घाण असतं तर नव्या बाटलीनं जायला नको होतं. बाटली नवी असताना नाही आणि वापरात आल्यावर आहे, म्हणजे गडबड वापरण्यात होती. हे आज लिहिताना उघड वाटतं. तेव्हा आम्ही एका वर्षात मेथनॉलच्या चार बाटल्या बदलल्या.

दुसऱ्या वर्षी खानापूरकडच्या एका मुलीनं ते धरलं. तिच्याकडे ब्लँकची वही होती. दर सकाळी पहिला ब्लँक घ्यायचा, ३९१ ची उंची लिहायची आणि शेजारी काल काय बदललं ते लिहायचं. तीन आठवड्यांची पानं तिनं माझ्यापुढे ठेवली. "मॅडम, बाटली पूर्ण भरलेली असते तेव्हा आपण तिरकी करून ओततो. निम्मी झाली की नळी लावतो. पीक नळी लावल्यावर येतोय बघा."

ती नळी म्हणजे गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक, मऊ नळी. अडीच लिटरच्या बाटलीतून लहान बाटल्यांत मेथनॉल उतरवायला कुणीतरी कधीतरी हार्डवेअरच्या दुकानातून आणली होती आणि ती तिथेच रुळली होती. रबरी फुग्यानं ओढून सोडायची. (तोंडानं कधीही ओढू नका. मेथनॉल विष आहे, त्यानं डोळे जातात.) मऊ पीव्हीसी, म्हणजे थॅलेटचं कोठारच, आणि मेथनॉल ते विरघळवून आणतंय.

तिनं पाच व्हायल (नमुन्याच्या छोट्या बाटल्या) लावल्या. एकीत मोठ्या बाटलीतलं थेट काचेनं काढलेलं मेथनॉल. दुसरीत नळीतून नुसतं वाहून आलेलं. तिसरीत नळीत तासभर थांबवून ठेवलेलं. चौथीत आमच्या लहान बाटलीतलं, जे पोरं रोज वापरत होती. पाचवीसाठी तिनं नळीचा दोन बोटं लांबीचा तुकडा कापून काचेच्या झाकणाच्या बाटलीत मेथनॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी चिमट्यानं तो बाहेर काढला तेव्हा आम्ही तो आळीपाळीनं हातमोज्यातल्या बोटांनी दाबून बघितला. आदल्या दिवशी चिमटीत सहज चपटा होणारा तो तुकडा ताठर झाला होता, आणि त्याची पारदर्शक कांती जाऊन वर दुधी झाक आली होती. त्याचा मऊपणा मेथनॉलमध्ये उतरला होता. मास स्पेकमध्ये दिसणाऱ्या आकड्याला असं हाताला लागणारं रूप मिळालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पाचवी व्हायल मात्र आम्ही घाईत तशीच सोडली आणि ती माझी चूक. डिटेक्टर वरच्या टोकाला जाऊन टेकला आणि पुढचे दोन दिवस प्रत्येक ब्लँकमध्ये ३९१ ओसरत राहिला. असं काही तपासायचं असेल तर आधी हजारपट पातळ करा, मगच सोडा. बाकी चार व्हायलींनी सरळ उत्तर दिलं: पहिलीत नगण्य, दुसरीत थोडा, तिसरीत खूप, चौथीत मध्यम.

नळी टाकली. पीक पाचपट उतरला, पण गेला नाही, कारण लहान बाटल्या, पंपाच्या वाहिन्या, द्रावणं एकत्र करणारा मिक्सर सगळ्यात थॅलेट मुरलेला होता. बाटल्या बदलल्या. पंपातून रात्रभर संथ गतीनं आयसोप्रोपेनॉल फिरवलं, मास स्पेकची वाट बंद ठेवून, बाहेरच्या बाहेर कचऱ्याच्या बाटलीत. मेथनॉलपेक्षा आयसोप्रोपेनॉल तेलकट माल जास्त चांगला ओढून काढतं. दोन रात्रींनी ब्लँक बसला.

तुमच्याकडे नळी नसेल, दुसरं काही असेल. शोधायची शिडी मात्र हीच, आणि एलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढणारं यंत्र) जोडलेलं असेल तर ती आणखी सोपी आहे. आधी काहीही इंजेक्ट न करता पूर्ण ग्रेडियंट चालवा, म्हणजे वाहत्या द्रावणातलं पाणी कमी आणि मेथनॉलसारखं ऑरगॅनिक सॉल्व्हंट जास्त करत न्या. पीक आला तर दोष मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण), पंप किंवा नळ्यांचा, नमुन्याचा संबंधच नाही. नाही आला तर कोऱ्या व्हायलमधलं ताजं सॉल्व्हंट इंजेक्ट करा. आता आला तर व्हायल, तिचं झाकण, सुई किंवा सुई धुण्याचं द्रावण. तरीही नाही आला तर प्रोसेस ब्लँक करा, म्हणजे हळद सोडून बाकी सगळं जसंच्या तसं: तीच ट्यूब, तोच फिल्टर, तीच टिप, तितकाच वेळ हलवणं. इथे आला तर अर्क काढण्याच्या पायरीत काहीतरी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईत दोन गोष्टी बदलल्या आणि पीक गेला, तर कशानं गेला ते कळत नाही आणि तो परत येतो. आमचं पहिलं वर्ष असंच गेलं.

ग्रेडियंटमध्ये एक युक्ती फार कामाची आहे. मोबाइल फेजमधला थॅलेट सुरुवातीला, पाणी जास्त असताना, कॉलमच्या तोंडाशी अडकून साठत राहतो आणि शेवटी ऑरगॅनिक ९५ टक्क्यांवर गेलं की एकदम सुटून नीटस पीकसारखा बाहेर येतो. बघणाऱ्याला तो नमुन्यातलाच वाटतो. तेव्हा ग्रेडियंटआधीचा थांबण्याचा वेळ ५ मिनिटांवरून १० मिनिटं करा. पीक मोठा झाला तर घाण कॉलमच्या आधीच्या द्रावणातून येतेय. जसाच्या तसा राहिला तर इंजेक्शनच्या बाजूनं. कर्क्युमिन सी-१८ कॉलमवरून याच्या बरंच आधी बाहेर पडतं, त्यामुळे एलसी जोडलं की दोघे वेळेनंच वेगळे होतात. आमचं पहिलं प्रात्यक्षिक सिरिंजनं थेट सोडण्याचं असतं, तिथे ही सोय नाही, म्हणून गोंधळही तिथेच.

एक वेगळा प्रकार यात मिसळू नका. खूप दाट नमुन्यानंतर ब्लँकमध्ये पीक दिसला तर तो मागचा उरलेला असू शकतो. सलग चार ब्लँक घ्या. दर वेळी निम्मा, पाव असा उतरत गेला तर तो मागचा अवशेष, सुई आणि इंजेक्टर नीट धुवा. चारही वेळा तेवढाच राहिला तर कुठून तरी सतत पुरवठा चालू आहे.

बाकीचे नेहमीचे पाहुणे

३९१ एकटा नाही. पण प्रत्येकाची चाल ठरलेली असते, आणि आकड्यापेक्षा दोन पीकमधलं अंतर लवकर ओळख देतं.

अंतर ४४: हे पॉलिएथिलीन ग्लायकॉल. शाम्पू, हँडक्रीम, साबण, औषधाच्या गोळ्या, सगळीकडे. एका डिसेंबरात आमच्या स्पेक्ट्रममध्ये ३०५, ३४९, ३९३, ४३७ अशी शिडी उभी राहिली, कंगव्याच्या दातांसारखी. बेळगावच्या थंडीत हात उलतात, म्हणून एका मुलीनं वर्गात यायच्या आधी क्रीम लावलं होतं आणि त्याच हातांनी, मोजे न घालता, सिरिंजचा दट्ट्या पुसला होता. तिला वाईट वाटू नये म्हणून मी सगळ्यांना तिच्याभोवती बोलावलं आणि तिलाच फळ्यावर हिशेब करायला लावला. ऑक्सिजन १६, दोन कार्बन २४, चार हायड्रोजन ४, बेरीज ४४, हीच साखळीची एक कडी. मग सहा कड्या म्हणजे २६४, टोकाचं पाणी १८, सोडियम २३, एकूण ३०५. फळ्यावरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळला तेव्हा तिचा चेहरा खुलला. मास स्पेक वाचता येऊ लागला तो तिला त्या दिवशी.

अंतर ७४: सिलिकॉन, म्हणजे सायलोक्सेन. ३७१, ४४५, ५१९. डिओडरंट, केसांना लावायची सीरम, सिलिकॉनच्या नळ्या, व्हायलच्या झाकणातली चकती, आणि चक्क खोलीतली हवा. प्लास्टिक सिरिंजच्या दट्ट्यालाही सिलिकॉन तेल लावलेलं असतं, म्हणून थेट सोडायला काचेचीच सिरिंज घ्या. एकच झाकण चार-पाचदा टोचून वापरू नका.

इथे समस्थानिक कामाला येतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचाही एक आयन ३७१ लाच बसतो, आठ कड्या आणि प्रोटॉन. दोघांत फरक कसा करायचा? ३७३ बघा. सिलिकॉनची २९ आणि ३० ही जड समस्थानिकं निसर्गात बऱ्यापैकी असतात. पाच सिलिकॉन अणूंच्या सायलोक्सेनचा ३७३ चा पीक ३७१ च्या वीस टक्क्यांहून वर जातो, तर ग्लायकॉलचा जेमतेम तीन टक्के. हा फरक क्वाड्रुपोलवरही स्वच्छ दिसतो. ३९१ ला जे साधन हरलं तेच ३७१ ला निकाल देतं, म्हणून मी दोन्ही एकाच दिवशी दाखवते.

३३८ ला एकटा पीक: एरुकामाइड, पॉलिथिन पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून घालतात ते. त्याचा कार्बन-१३ चा पीक ३३९ ला पडतो आणि हळदीच्या ३३९ मध्ये मिसळतो. एक मुलगा रायबागकडून घरची हळद पिशवीत बांधून आणायचा, त्याच्या नमुन्यात हे नेहमी यायचं. त्याला स्टीलच्या डब्यात आणायला सांगितलं. रविवार पेठेतून सुटी आणली तरी डबाच न्या.

पावसाळ्यात १९२: डीट, डास पळवणाऱ्या क्रीममधलं. जून ते सप्टेंबर आमच्या ब्लँकवहीत हा आकडा हमखास असतो. शिकवायलाही छान: रेणूत एक नायट्रोजन, म्हणून वस्तुमान विषम, १९१, आणि प्रोटॉन चिकटला की सम. निपाणीच्या मुलांना मी लगेच निकोटीन विचारते. दोन नायट्रोजन, १६२, सम, आणि प्रोटॉनसकट १६३. तंबाखूचा गाव, उत्तर चुकत नाही.

धुणं आणि पुसणं

मोबाइल फेजच्या बाटल्या साबणानं धुवू नका. साबणातली द्रव्यं काचेला धरून राहतात आणि आठवडेच्या आठवडे दिसत राहतात. त्या बाटल्या वेगळ्या ठेवा, नाव घाला, एलसी-एमएस दर्जाच्या सॉल्व्हंटनंच विसळा. पाण्याची बाटली दोन-तीन दिवसांत बदला. वरून भर घालू नका, बदला. तोंडाला पॅराफिल्म (मेणासारखी ताणली जाणारी पट्टी) गुंडाळू नका. कोन पुसायचा असेल तर सोर्स थंड होऊ द्या, उच्च दाबाची वीज बंद झाल्याची खात्री करा, आणि निम्मं मेथनॉल निम्मं पाणी लावून धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. कोन काढायला निर्वात मोडावा लागतो की नाही हे यंत्रागणिक वेगळं, आधी त्याचं पुस्तक उघडा. आणि सकाळी पहिला ब्लँक, रोज, वहीत. आमच्याकडे ती वही दोरीनं टेबलाला बांधलेली आहे.

इतकं करूनही ३९१ शून्यावर येत नाही. थॅलेट धुळीत आहे, हवेत आहे. तो लहान आणि रोज तेवढाच राहिला की काम करता येतं. त्यातही त्रास देत असेल तर मिक्सर आणि इंजेक्टरच्या मध्ये एक छोटा जादा कॉलम बसवा. पंपाकडून येणारा थॅलेट त्यात अडून उशिरा बाहेर पडतो आणि नमुन्यातला आधी, असे दोघे वेगळे दिसतात. हळदीत कर्क्युमिन किती हे मोजायचं असेल तर आम्ही आता सरळ निगेटिव्हमध्ये ३६७ वर मोजतो.

पोरांना एक जुनी गोष्ट मात्र सांगते. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास निऑनचे आयन फोटोच्या काचेवर पाडले, तेव्हा २० च्या शेजारी २२ ला एक फिकट रेघ उमटली. हा निऑनला दोन हायड्रोजन जोडलेला पदार्थ तर नसेल, हीही शक्यता त्यांनी तपासली होती. पुढे १९१९ मध्ये ॲस्टन यांनी सुधारलेलं यंत्र बांधलं आणि ती रेघ निऑनच्याच जड समस्थानिकाची ठरली. ॲस्टनना १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जादा दिसणारी रेघ खरी की भेसळ, हा प्रश्न या विषयाच्या जन्मापासूनचा आहे.

३९१ चं प्रात्यक्षिक मी काढून टाकलेलं नाही, फक्त क्रम उलटा केलाय. पहिला पूर्ण तास पोरांना हळद मिळत नाही. नुसतं मेथनॉल, आणि त्यात दिसणारा प्रत्येक पीक कुणाचा ते वहीत लिहायचं. खानापूरच्या त्या मुलीनं कापलेल्या नळीचा ताठर तुकडा एका छोट्या काचेच्या बाटलीत ठेवलाय, तो त्या तासाला हातोहात फिरतो.